प्रतिसाद: हुसर्ल आणि व्याकरण
फिनॉमेनॉलॉजी (गोष्टी आपल्या जाणिवेत कशा येतात याचा विचार करणारं तत्त्वज्ञान) अनुभवाबद्दल बोलते, भाषाशास्त्र रचनेबद्दल, म्हणून दोघांचा काही संबंध नाही, असं इथल्या चर्चेत एकाने म्हटलंय. प्रश्न वेगळे आहेत हे मान्य, पण संबंध नाही हे पटत नाही. फिनॉमेनॉलॉजीचा जनक हुसर्ल, त्याच्या १९००-०१ मधल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात एक अख्खा भाग व्याकरणाच्या कल्पनेवर आहे. 'चौकोनी वर्तुळ' अशी वस्तू असूच शकत नाही, तरी शब्दांचा अर्थ लागतो. लागतो म्हणूनच तर ती अशक्य आहे असं आपण म्हणू शकतो. 'हिरवा किंवा पण' यात मात्र अर्थच जुळत नाही. हा फरक त्याने फार नेमका पकडलाय. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सनवर या विचारांचा खोल प्रभाव होता, आणि १९३५ साली खुद्द हुसर्लने प्रागच्या भाषाशास्त्र मंडळात, म्हणजे भाषेकडे रचना म्हणून पाहणाऱ्या रचनावाद्यांच्याच घरात, व्याख्यान दिलं होतं.

मला स्वतःला हे उमगलं ते आपल्या सर्वनामांमुळे. 'आम्ही निघतो' म्हटलं की समोरचा बसून राहतो. 'आपण निघू' म्हटलं की तो चपला शोधायला लागतो. व्याकरणाचा तक्ता सांगतो की एकात श्रोता धरलेला आहे, दुसऱ्यात नाही, आणि ते बरोबरच आहे. पण आपल्याला धरलंय हे त्या माणसाला वाक्य संपायच्या आधीच जाणवलेलं असतं. त्या जाणवण्याचं वर्णन करायला मला तरी तक्ता पुरला नाही, तिथे हुसर्लच कामी आला.