पद्मिनीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावल्यापासून गाडी स्लोला राहत नाही, सल्ला हवा

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. घरी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिनचं काम मागेच झालंय, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना चांगलं. सारखं पॉइंट घासा, गॅप लावा, कंडेन्सर बदला, याला कंटाळून डेल्कोत (ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये) इलेक्ट्रॉनिक किट बसवून घेतलं. पॉइंट-कंडेन्सरच्या जागी मॉड्यूल, रोटरखाली मॅग्नेटची रिंग आणि किटसोबतच आलेली नवी कॉइल.

सकाळी अर्ध्या सेल्फला चालू होते. हायवेला तर झकास. पण इंजिन गरम झालं की सिग्नलला पाय काढल्यावर रेस (इंजिनचा वेग) खाली-खाली येते, गाडी थरथरते, दोन गचके आणि बंद. रात्री हेडलाइट लावले की आणखी वाईट. मिस्त्रींनी कार्ब्युरेटर खोलून धुतला, जेटला हवा मारली, स्लोचा स्क्रू आत घेऊन दिला. आता रेस कधी वर अडकते, कधी खाली जाते. मिक्श्चरचा स्क्रू कसाही फिरवा, इंजिन ढिम्म. मिस्त्री म्हणतात नवा कार्ब्युरेटर टाका. टाकू का?

बाबू_टर्मिनल:
किट काढा, पॉइंट लावा, सुखी व्हा. मुंबईच्या काळ्यापिवळ्या जन्मभर पॉइंटवर धावल्या आणि पॉइंटवरच निवृत्त झाल्या.

पाचवा_गिअर:
सध्याच्या ई-२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलकडेही बघा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं आणि ते सगळ्यात आधी स्लोला जाणवतं. जुने रबरी पाइप फुगतात, टाकीतला गंज सुटून स्लो जेटमध्ये अडकतो. पाइप बदला आणि पंपाच्या आधी फिल्टर टाका. तेवढ्याने प्रश्न सुटेल असं नाही, पण करायचंच काम आहे.

डेल्कोवाला:
कृष्णाकाठ, कार्ब्युरेटर अजिबात विकत घेऊ नका. मिक्श्चर स्क्रूचा परिणाम होत नाही, हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण रोग तिथेच दिसतोय.

स्लोचं पेट्रोल बटरफ्लायच्या (कार्ब्युरेटरमधल्या हवेच्या झडपेच्या) खालच्या बारीक भोकातून येतं आणि मिक्श्चर स्क्रू फक्त त्याच भोकावर राज्य करतो. त्याच्या थोडं वर आणखी भोकं असतात, ती बटरफ्लाय जरा उघडली की चालू होतात, म्हणजे हळूच पाय दिल्यावर गाडी अडखळत नाही. स्लोचा स्क्रू जास्त आत घेतला की बटरफ्लाय कायमची उघडी राहते आणि इंजिन त्या वरच्या भोकांवर चालायला लागतं. मग मिक्श्चर स्क्रू दिवसभर फिरवत बसा.

आता प्रश्न असा की स्क्रू एवढा आत घ्यावा का लागला? माझा संशय टायमिंगवर, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेवर. पॉइंट ज्या क्षणी उघडायचे नेमक्या त्याच क्षणी मॉड्यूल ठिणगी टाकेल असं नसतं. किट बसवल्यावर टायमिंग नव्याने लावावंच लागतं आणि बऱ्याच ठिकाणी 'डेल्को हलवलाच नाही, मग टायमिंग कशाला बिघडेल' म्हणून सोडून देतात. टायमिंग मागे गेलं की स्लोला ताकद कमी पडते, रेस उतरते आणि मिस्त्री ती उणीव बटरफ्लाय उघडून भरून काढतो. दोष इग्निशनचा, शिक्षा कार्ब्युरेटरला.

तुमच्या मिस्त्रींनी टायमिंग लाइट लावला होता का?

कृष्णाकाठ:
लाइट नाही लावला. किट बसवलं, चालू झाली, छान चालते म्हणून पाठवून दिलं. डेल्कोला (टायमिंग पुढेमागे करणारी) व्हॅक्युमची डबी आहे, तिचा पाइप जोडलेला आहे.

डेल्कोवाला:
मग क्रम असा ठेवा. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची गॅप), मग टायमिंग, कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने गेलात तर तेच काम दोनदा करावं लागेल.

टायमिंग बघताना डबीचा पाइप काढा आणि कार्ब्युरेटरकडचं तोंड बंद करा. तो पाइप तोंडाने ओढून जीभ लावून धरा, ओढ टिकली तर डबीचा पडदा शाबूत. सुटली तर पडदा फाटलाय आणि तिथूनच फुकटची हवा जातेय. लाइट मारल्यावर पुलीवरची खूण स्लोला एका जागी स्थिर दिसली पाहिजे. ती पुढेमागे नाचत असेल तर डेल्कोतल्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्यात किंवा शाफ्टचं बुश गेलंय. पॉइंट असताना हा दोष झाकला जात नाही, गॅपच बसत नाही. मॅग्नेट मात्र तक्रार न करता झिजलेल्या शाफ्टवर फिरत राहतो.

दुसरं, मल्टिमीटरने कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स मोजा, वायरी सोडवून. साधारण ३ ओम आला तर साधी १२ व्होल्टची कॉइल. दीडच्या आसपास आला तर ती बॅलास्टवाली, म्हणजे सोबत वेगळा रेझिस्टर लागणारी आहे. तिला सरळ बारा व्होल्ट दिले की करंट दुप्पट, मॉड्यूल तापतं आणि गरम झाल्यावर झोपतं.

जीपवाली:
हेडलाइटचा मुद्दा कुणी घेतला नाही. तुमच्या गाडीला डायनॅमो आहे की अल्टरनेटर? माझ्या जुन्या जीपला डायनॅमो होता. स्लोला तो जवळपास काहीच चार्ज करत नाही, लाल दिवा मिणमिणतो, सगळा भार बॅटरीवर. पॉइंट कमी व्होल्टेजवरही कशीबशी ठिणगी देतात, काही मॉड्यूल तेवढी दयाळू नसतात. इंजिन स्लोला, हेडलाइट चालू, अशा वेळी मॉड्यूलच्या लाल वायरीवर व्होल्टेज बघा. मग मीटरची एक टोचणी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी डेल्कोच्या बॉडीवर ठेवा. अर्ध्या व्होल्टचा फरक दिसला तरी अर्थिंग खराब समजा. इंजिन ते बॉडी जाणारी जाळीची पट्टी कामाच्या वेळी काढतात आणि परत लावताना रंगावरच आवळतात.

आणि इंजिन बंद ठेवून चावी ऑन सोडू नका. पुष्कळ किटं त्यातच जळतात.

बाबू_टर्मिनल:
एवढ्या तपासण्या करण्यापेक्षा जुने पॉइंट परत लावून बघायला किती वेळ लागतो? पॉइंटवरही बंद पडली तर किट निर्दोष.

डेल्कोवाला:
बाबूशेठ, हे मात्र लाख बोललात. पण कॉइलही जुनीच लावायची, नाहीतर तुलना फसते. जुने पॉइंट, कंडेन्सर, कॉइल एका डब्यात घालून डिकीत कायम असू द्या.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे आभार. आज दुसऱ्या गॅरेजमध्ये लाइटसकट बसलो.

नवी कॉइल १.६ ओम, म्हणजे बॅलास्टवाली. बॅलास्ट कुठेच नाही. मॉड्यूलला हात लावला तर चटका. जुनी कॉइल ३.१ ओम, ती परत लावली. टायमिंग खुणेपेक्षा बरंच मागे होतं, ते आणलं तर रेस आपोआप एवढी चढली की स्लोचा स्क्रू पुष्कळ बाहेर घ्यावा लागला. त्यानंतर मिक्श्चर स्क्रूने पहिल्यांदा ओ दिली. खूण स्थिर आहे, डबीही शाबूत.

पॉइंटची चाचणीही केली. पॉइंटवरसुद्धा गरम झाल्यावर रेस थोडी उतरतेच. म्हणजे अजून काहीतरी आहे.

डेल्कोवाला:
आता हवा शोधा. कार्ब्युरेटरच्या बुडाशी आणि मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर पाण्याचा बारीक फवारा मारा. रेस बदलली की तिथून हवा घेते. कार्ब क्लीनरने जास्त स्पष्ट कळतं, पण गरम सायलेन्सरच्या पाइपावर तो पेटतो, त्यामुळे मी पाणीच सुचवेन. डेल्को आणि वायरींवर उडू देऊ नका.

कृष्णाकाठ:
सापडलं! कार्ब्युरेटरच्या बुडाला, इंजिनच्या बाजूने फवारा मारला की रेस बदलत होती. खोलून फ्लँजवर पट्टी धरली तर मधून उजेड दिसला. बोल्ट आवळून-आवळून दोन्ही कान वाकलेत. काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज घासून सपाट केली, दोन्ही बाजूंची पॅकिंग नवी, आणि बोल्ट बेताने आवळले. किट परत लावलंय, कॉइल जुनी. गावात फिरवून आलो, रेल्वे फाटकाशी गाडी चालू ठेवून उभा राहिलो, हूं की चूं नाही.

हेडलाइट लावल्यावर मात्र रेस अजून किंचित पडते. डायनॅमोच आहे. लाल वायरीवर ११.४ व्होल्ट दाखवतंय.

जीपवाली:
लाल वायर कुठून घेतलीय? कॉइलच्या प्लसवरून असेल तर तिथवर येईतो जुन्या चावीत आणि जोडांत व्होल्टेज गळतं. बॅटरीवरून फ्यूज टाकून रिलेमार्फत (विजेवर चालणाऱ्या स्विचमार्फत) मॉड्यूल आणि कॉइलला सरळ पुरवठा द्या, चावीने फक्त रिले ओढायचा. हेडलाइटलाही वेगळे रिले लावा. एवढं करून बघा, अल्टरनेटरचा खर्च पुढे बघता येईल.

कृष्णाकाठ:
कॉइलवरूनच आहे. रिले आणतो. ३० अँपिअरचा चालेल ना?

जीपवाली:
चालेल. फ्यूज बॅटरीच्या जवळ लावा आणि रिले इंजिनच्या उष्णतेपासून लांब, मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर.

येझदी_सातारा:
माझ्या येझदी मोटारसायकलला सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) लावल्यापासून असंच होतंय, इथेच विचारू का?

डेल्कोवाला:
टू-स्ट्रोकचं दुखणं वेगळं, नवा धागा काढा. काढण्याआधी क्रँकच्या मॅग्नेटो बाजूचं ऑइल सील बघून ठेवा, तिथून हवा घेत असू शकते.