रझांच्या चित्रात मला आईची चूल दिसली, तर चुकलं कुठं?

परसबाग: सय्यद हैदर रझांच्या ‘माँ’ (१९८१) या चित्रात काळा बिंदू आहे आणि कॅनव्हासवरच एक ओळ लिहिलीय, ‘माँ लौटकर जब आऊँगा क्या लाऊँगा’. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा आईला जाऊन चार महिने झाले होते. गावी निघताना मी फोनवर विचारायचे, काय आणू? ती म्हणायची, तू ये फक्त. तेव्हापासून तो बिंदू मला आमच्या विझलेल्या चुलीचं तोंड वाटतो. ओळखीचे एक चित्रकार म्हणाले, याला चित्र पाहणं म्हणत नाहीत. मला पटलेलं नाही.

दगडी पाटी: ताई, आईचं वाचून वाईट वाटलं. तरी मी त्या चित्रकारांच्या बाजूचा. ओळ अशोक वाजपेयींच्या कवितेतली. रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले ते साठ वर्षं तिथेच राहिले. त्यांची ‘माँ’ म्हणजे मागे सोडलेला देश. बिंदूलाही मूळ आहे: मंडला जिल्ह्यातल्या शाळेत गुरुजींनी लहानग्या रझांना भिंतीवर ठिपका काढून त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं होतं. हे सगळं बाजूला सारून चूलच बघायची, तर रझा कशाला हवेत? भिंतीवरचा ओलीचा डागही चालेल.

परसबाग: ओलीचा डाग मला ‘काय आणू’ विचारत नाही. आणि रझांनी तरी अख्खी कविता कुठे घेतली? दुसऱ्याचा एक तुकडा उचलून आपल्या बिंदूशेजारी ठेवला. मीही तेच केलं.

खडूचा वास: चित्रकार वासुदेव गायतोंड्यांपुढे दोघं काय कराल? गिरगावात वाढलेला, मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेला हा माणूस. बहुतेक चित्रांना नावही नाही. आपल्या कामाला ते अमूर्तसुद्धा म्हणत नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत, म्हणजे कुठल्याच वस्तूवरून न काढलेलं. त्यांच्या एका चित्रासमोर मला आधी तळं दिसलं. वीसेक मिनिटांनी तळं गेलं आणि रोलरने पसरलेला, सुरीने खरवडलेला रंग तेवढा उरला, थरावर थर. माझ्यासाठी ते तळ्यापेक्षा मोठं होतं. अर्थ लावायची घाई नको, एवढंच म्हणेन.

परसबाग: तळं दिसलं नसतं तर वीस मिनिटं थांबला असतात?

खडूचा वास: नसतो थांबलो. खरंय.

दगडी पाटी: पण कशामुळे थांबलो हे वेगळं, चित्र काय आहे हे वेगळं. ताई, पूर्ण कविता वाचा. मग चूल राहते का, ते इथे सांगा.

परसबाग: वाचते. पण चूल हलेल असं वाटत नाही.