एडगर मेयरचा डबल बास: मुरलेलं लोणचं की नुसती भेळ?

खर्जवाला:
परवा रात्री 'अ‍ॅपलेशिया वॉल्ट्झ' (1996) हा अल्बम पुन्हा लावला. मार्क ओ'कॉनरचं फिडल (म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन), यो-यो माचा चेलो, मेयरचा डबल बास, म्हणजे उभं राहून वाजवायचं खर्जातलं थोरलं व्हायोलिनच म्हणा. अमेरिकेत टेनेसीतल्या ओक रिजमध्ये वाढलेल्या या माणसाच्या हातात लोकधून, बाखचं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि जॅझ वेगळे राहतच नाहीत. कुणाला पटत नसेल तर बोला.

ओसरीवरून:
बोलतो. ते फिडल अ‍ॅपलेशियाच्या डोंगरातल्या नाचांचं. तिथे गज धुळीतल्या पायांसाठी ओढतात. इथे तेच इस्त्री करून सभागृहात ठेवलंय. आपल्या फडातली ढोलकी सिंफनीच्या मधोमध बसवली की जे होतं, तेच. आणि अल्बमला नाव देणाऱ्या त्या वॉल्ट्झवर मेयरला नमस्कार करत असाल तर थांबा, ती चाल ओ'कॉनरची आहे.

खर्जवाला:
चाल ओ'कॉनरची, कबूल. पण पहिली रचना '1बी' मेयरची आहे, ती ऐका. फिडलवर पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत चार स्वर आरामात बसतात. बासवर खालच्या पट्टीत तेवढ्याच बोटांत जेमतेम एक स्वराचं अंतर मावतं. त्यात फिडलच्या तारा पंचमाच्या अंतराने लावलेल्या, बासच्या मध्यमाच्या. म्हणजे फिडलची धून जशीच्या तशी उचलताच येत नाही, सगळी बोटं नव्याने मांडावी लागतात. वरवरची इस्त्री करणारा एवढी हमाली कशाला करेल?

तिसरी घंटा:
हमाली मान्य, पण अवघड म्हणजे चांगलं असं कुठे आहे? माझी तक्रार जॅझची. लिहून ठेवलेल्या संगीतात जॅझ मला फोडणीपुरताच लागतो.

खर्जवाला:
मग बासवादक ख्रिश्चन मॅकब्राइडबरोबरचा 2024 चा दोन बासचा अल्बम ऐका. तो पक्का जॅझवाला, मेयर गजवाला. मॅकब्राइड बोटांनी तार खेचतो तेव्हा स्वर ठक्कन उठतो आणि विरतो, मेयरचा गज तोच स्वर लांबवत नेतो.

ओसरीवरून:
ऐकेन. एक मात्र कबूल करतो: झाकीरभाई (झाकीर हुसेन) आणि बँजोवाला बेला फ्लेक यांच्याबरोबरचं मेयरचं 'मेलडी ऑफ रिदम' मला आवडतं. तबल्याचा बायाँ आणि बास एकाच खर्जात घुमतात तेव्हा कोण कुठला, कळत नाही. पण त्या तिघांत फिडल नाहीच, बरं का.

तिसरी घंटा:
म्हणूनच आवडलं असेल तुम्हाला!