‘पॅकेज सोडलं, समुद्र निवडला’ वाल्यांनो, जरा थांबा

दादरकर:
कालपासून ती पोस्ट फिरतेय. सोळा वर्षं कन्सल्टिंगमध्ये घासली, आता राजीनामा, पाण्याखाली फोटो काढणार आणि समुद्र वाचवणार. खाली चारशे बदाम. अहो, राजीनाम्याला धाडस लागत नाही, भाड्यानं दिलेले दोन फ्लॅट लागतात! हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याची पाणीरोधक पेटी, कॅमेऱ्याच्या किमतीला येतं. वर दोन स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचे फ्लॅश, कारण पाच-सहा मीटरखाली लाल रंग जवळजवळ उरतच नाही. पेटीच्या ओ-रिंगवर, त्या रबरी कड्यावर, एक केस अडकला की सगळं पाण्यात, अक्षरशः. हौस आहे ना, मग हौस म्हणा. ‘संवर्धन’ कशाला?

निळाई:
पोस्ट माझी नाही, पण मीही २०१९ मध्ये बँक सोडली, म्हणून झोंबलं. फ्लॅट एकही नाही, डोंबिवलीला आईकडे राहते. आणि फोटोंनी काय होतं? गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क तेलासाठी मारले जात होते. माइक पांडे यांनी ते चित्रित करून लोकांपुढे आणलं आणि २००१ मध्ये त्या माशाला कायद्याचं संरक्षण मिळालं.

दादरकर:
पांडे मुरलेले माहितीपटकार. राजीनामा टाकून वर्षभरात तयार झाले नव्हते.

रापणकार:
माका एक सांगा, हे समुद्र कोणापासून वाचवतत? १९८७ साली मालवणात सागरी अभयारण्य जाहीर केला, २९ चौरस किलोमीटर. तेवापासून आमी तेच्या विरोधात भांडतोय. पर्यटकांच्या होड्ये नांगर थेट खडपार टाकतत, माशांका पाव घालतत, तेचे फोटो कोण काढणा नाय. आणि रात्री बाहेर मासे ओढूक लावलेल्या एलईडी दिव्यांचो झगमगाट बघा. २०१७ पासून बंदी आसा म्हणे!

रत्नांग्री:
आलं, एलईडीवर आलं. मग पुढची पायरी पर्ससीन, म्हणजे आमची मोठ्या घेर-जाळ्यांची मासेमारी, ठरलेलंच. २०१६ पासून राज्याच्या हद्दीत आम्हाला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा. बोटीवर पंचवीस खलाशी, त्यांचे पगार कोण देणार? एलईडीवाल्यांच्या पोत्यात आम्हाला कोंबू नका.

रापणकार:
मुभा कागदार. तुमची बोट एका फेरीत जेवढो बांगडो नेता, तेवढो आमच्या रापणीक, किनाऱ्यावरसून ओढूच्या जाळ्याक, अख्ख्या मोसमात गावणा नाय. माझ्या बापाशीन रापण ओढल्यान तेवा चाळीस माणसा पोसली जायत. आता दहा जण दोरी धरतत, ते पण म्हातारे.

रत्नांग्री:
म्हणजे मासे कमी झाले ते फक्त आमच्यामुळे? सांडपाणी, गाळ, तापलेलं पाणी, यांचं काय?

दादरकर:
मूळ प्रश्न राजीनाम्याचा होता हो.

निळाई:
राजीनामा गेला खड्ड्यात. नांगराचं काका बोलले ते खरं आहे. किल्ल्याजवळ खाली उतरले तेव्हा पोवळ्यावर उभं राहून सेल्फी काढणारे मी पाहिलेत. आणि हो, माझ्या पहिल्या वर्षाच्या फोटोंत मासा कमी, तरंगती घाणच जास्त. दादरकर, एवढं कबूल. खूश?

दादरकर:
निम्मा.

रापणकार:
बाय, तू तरी खरा बोललंस. गेल्या साली माझ्या जाळ्यात कासव अडाकला. जाळा कापून सोडला. तशा जाळ्याक सरकार २५ हजारापर्यंत भरपाई देता, २०१८ पासून. पण सोडतानाचो फोटो व्हयो. फोटो काढूचा कोणाच्या ध्यानातच नाय. एक हात कासवार, एक सुरीर, मोबाइल खय धरतलो?

निळाई:
छातीवर बांधायचा पट्टा येतो, दोन-तीनशे रुपयांत. मोबाइल त्यात अडकवून आधीच चालू करून ठेवायचा. रविवारी येऊ का दाखवायला?

दादरकर:
हे घ्या, कन्सल्टिंग सुटलं नाही!

रापणकार:
रविवारी रापण आसा. सोमवारी ये. आणि तुझो मोठो कॅमेरो घराक ठेव.