अकरावी-बारावी करता करता कमावलंय? अनुभव लिहा

सोयाबीन काढणीला आलं की वर्गातली बाकं रिकामी व्हायला लागतात, हे मराठवाड्यातल्या मास्तरांना सांगायला नको. 14 ते 18 वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे, संध्याकाळी 7 ते सकाळी 8 पर्यंतही त्यांना राबवता येत नाही. पण दिवसा कॉलेज, म्हणून काम मिळतं ते नेमकं त्याच बंदीच्या वेळी. तुम्ही कसं जमवलं? पैसे किती मिळाले याहून, अभ्यासाला वेळ कुणी दिला ते लिहा.

सेलूहून : दिवाळीच्या सुट्टीत आणि पुढे दर रविवारी आईसोबत सरकी, म्हणजे कापूस, वेचायला जायचे. मजुरी किलोवर. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसतात, सोमवारी जर्नल लिहिताना पेन धरवत नसे. तरी त्या कामाला मी नावं ठेवणार नाही. संध्याकाळी वजन झालं की पैसे हातात, आणि सोमवारी कुणी बोलवायला येत नव्हतं. बारावीची फी त्यातूनच भरली.

लातूर, मोंढा : कॉमर्सला होतो. कॉलेज सकाळचं, दुपारी आडतीवर (शेतमाल विकून देणाऱ्या दलालाच्या दुकानात) पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, लिहायचो. वजन, भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा, खाली शेतकऱ्याची रक्कम. रोजमेळ नि खातेवही मी पुस्तकाआधी तिथे शिकलो. शेटजींनी परीक्षेचा महिनाभर सुट्टी दिली आणि जागा राखून ठेवली. असा मालक मिळणं हेच खरं नशीब.

जालना : लग्नात वाढपी. तिथी दाट त्याच दिवसांत परीक्षा. पंगती उरकून भांडी मोजेपर्यंत रात्रीचा एक, सकाळी पेपर. एका ठेकेदाराने तर हंगामाचे पैसे दिलेच नाहीत. लिहून काहीच घेतलेलं नव्हतं, मागायचे कशाच्या जोरावर? नव्या पोरांनो, रोजचे पैसे रोज घ्या.

धारूर तालुका : आईबाबा ऊसतोडीला गेले की मी, आजी आणि धाकटी बहीण घरी. शनिवार-रविवार रोजाने हरभरा काढायला जायचे. मुकादमाची (तोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, आईबाबांच्या डोक्यावर असायची, त्यामुळे घरखर्चाला त्यांच्याकडे मागवत नसे. आमच्या वर्गशिक्षिका सोमवारी पहिल्या तासाला मला थांबवून शनिवारचं सगळं समजावून सांगायच्या. हजेरीवरून त्या एकदाही टोचून बोलल्या नाहीत. आज मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.