मदत हवी आहे: आई-बाबांसोबत मसाई मारा, गाडीने की विमानाने?

नमस्कार मंडळी, ऑगस्टअखेर आई-बाबांना घेऊन केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जातोय. विल्डबीस्टचे (मोठ्या आफ्रिकी हरणांचे) कळप मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडताना आईला बघायचेच आहेत. टीव्हीवर मगर दिसली की तिचा चहा हातातच गार होतो. काळजी बाबांच्या कंबरेची. नैरोबीहून नारोकमार्गे गाडीने पाच-सहा तास. नैरोबीच्याच विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने पाऊण तास, पण सामान साधारण 15 किलोच, तेही मऊ बॅगेत. ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी काय निवडलं? मुक्काम नदीजवळ बरा की अभयारण्याच्या सेकेनानी गेटपाशी? दोघं शुद्ध शाकाहारी. तिथली उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), सुकुमा विकी (पालेभाजी) चालेल, पण रात्री साधा वरणभात सांगून करून देतात का? आणि साठीनंतर पीतज्वराची (यलो फीवरची) लस घेतलेल्यांनी अनुभव नक्की कळवा, डॉक्टरांशी बोलायचंच आहे.