मदत हवी आहे: कॅश काउंटरवर दिवसभर पाणी पिणंच होईना गेलंय, काय करावं?

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका बँकेत कॅशियर आहे, वय ३८. प्रश्न वाचून हसू येईल तुम्हाला, पण मला पाणी पिता येईना गेलंय. घशाला काही झालेलं नाही, वेळ आणि जागा मिळंना एवढंच.

गेल्या वर्षी लॉकडाऊन लागला तेव्हापासूनचं हे. २०२० च्या एप्रिल ते जून जनधनच्या खात्यावर बायांचे महिन्याला ५०० रुपये यायचे, तेव्हा सकाळी आठपासून शाखेसमोर ओळ, चुन्याचे गोल आखलेले, त्या गोलात चपला ठेवून बाया लिंबाच्या सावलीला जाऊन बसायच्या. आत आम्ही मास्क लावून, वर ती फेसशील्ड, मधे काच. पाणी प्यायचं म्हणजे आधी हाताला सॅनिटायझर कारण हात नोटांचे, मग शील्ड वर, मास्क खाली, आणि तेवढ्यात काचेपलीकडून कुणीतरी म्हणणारच "म्याडम, आम्हाला सांगता आन तुम्हीच मास्क काढायल्या". सोडून दिलं मग. सकाळी निघताना एक तांब्या, त्यानंतर थेट सहाला घरी आल्यावर. मधे दोनदा चहा, तो पण कागदी कपातला अर्धा. नोटा मोजायला बोट ओलं करायची स्पंजची डबी असते ना, ती मी दिवसातून दोनदा भरते. त्या स्पंजला माझ्यापेक्षा जास्त पाणी मिळतं.

दुसरं कारण इथं कुणाला माझं नाव माहीत नाही म्हणून लिहिते. शाखेत बाथरूम एकच, बाया-माणसं सगळ्यांना मिळून, किल्ली शिपायाच्या ड्रॉवरमधे, टाकी टँकरवर. ऑगस्टमधे स्टाफमधले दोघं पॉझिटिव्ह निघाले तेव्हापासून तिथं जायची भीतीच बसली. पाणी प्यायलं की जावं लागतं, म्हणून पाणीच नको. मला वाटायचं मी एकटीच अशी, पण आमच्या क्लार्क मॅडम पण तेच करायल्यात हे परवा कळलं.

फेब्रुवारीपासून सारखी उन्हाळी लागायली, म्हणजे लघवीला आग. धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, सासूबाईंनी पळसाची फुलं भिजवून दिली, दोन दिवस बरं वाटायचं परत तेच. आणि मागच्या आठवड्यात डाव्या कुशीतून अशी कळ आली की काउंटरवरच बसून राहिले, ग्राहकाचे ४० हजार मोजायले होते, दोनदा आकडा चुकला. सोनोग्राफीत ४ एमएमचा खडा निघाला. डॉक्टर म्हणाले पडंल आपोआप, रोज तीन लिटर पाणी प्या. मी म्हणलं कुठं पिऊ, तर हसले आणि गोळ्या लिहून दिल्या.

आता मार्च संपत आला, ऊन चाळीशीला टेकायलंय आणि कोरोनाचे पेशंट परत वाढायलेत. मोबाईलमधे पाण्याची आठवण करून देणारं अ‍ॅप टाकलं होतं, दर तासाला टुंग वाजायचं, चार दिवसात काढून टाकलं. आठवण तर घसाच करून देतो हो. तुमच्यापैकी जे बाहेर जाऊन नोकरी करतात ते मास्क, गर्दी आणि बाथरूम हे तिन्ही सांभाळून पाणी कसं पितात तेवढं सांगा.

परभणीकर
ताई, दर पंधरा मिनिटाला कोमट पाण्याचे दोन घोट घ्या. घशातला विषाणू पोटात जातो आणि तिथं अ‍ॅसिडमधे मरतो. आमच्या घरी वर्षभर हेच चालू आहे, काढा पण तीन टाइम.

नांदेडची सिस्टर
परभणीकर दादा, हा मेसेज मागच्या मार्चपासून फिरायला आहे आणि तेव्हाच तो खोटा असल्याचं सांगून झालंय. पाण्यानं विषाणू धुऊन जात नाही, तो नाकातून पण जातो. कोमट पाणी जरूर प्या, घशाला बरं वाटतं, आयुष मंत्रालयानं पण तेवढंच सांगितलेलं. तीन टाइम मिरी-सुंठीचा काढा या उन्हात घेऊन आमच्याकडं लोक पोटात आग पडली म्हणून यायलेत.

ताई, मी कोविड वॉर्डात आहे. पीपीई किट घातला की सहा तास पाणी बंद, बाथरूम बंद. आतून गाऊन घामानं चिंब, किट काढला की हाताची बोटं पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतलेली. पहिल्या लाटेत मी पण तुमच्यासारखीच ड्युटीच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचे, दोन महिन्यात युरिन इन्फेक्शन. आता ड्युटीच्या तासभर आधी दोन गिलास हळूहळू पिते, जाऊन येते, मग किट. बाहेर आल्यावर आधी मीठ-साखरेचं पाणी (लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा छोटा, चहाचा), मग जेवण. ते घाम गाळणाऱ्यांसाठी बरं का, तुम्ही पंख्याखाली बसता, तुम्हाला साधं पाणी आणि लिंबू पुरे.

तुमचा खरा घोटाळा म्हणजे लघवी धरून ठेवणं. बायांना इन्फेक्शन लवकर होतं कारण मार्गच आखूड असतो, त्यात पाणी कमी, म्हणजे जंतू वाहून जायला काही नाहीच. चार तासाच्या वर धरू नका. बाथरूमला जाताना मास्क ठेवा, नळ-कडी धरल्यावर साबणानं हात धुवा, आधी कुणी गेलं असलं तर पाच-दहा मिनिटं दार-खिडकी उघडी राहू द्या. खरी भीती जेवणाच्या टेबलाची आहे, जिथं सगळे मास्क काढून गोल करून बसतात आणि गप्पा मारतात. दिवसभर मास्क लावून डबा खाताना लागण झालेले कितीतरी बघितले.

वाळूजवाला
आमच्या कंपनीत कूलर पहिल्याच महिन्यात सील केला, जार बंद, गिलास बंद. मग जो तो घरून पाणी आणायला लागला. मी दोन लिटरचा कॅन आणतो, वर जुन्या पॅंटचं कापड गुंडाळून ओलं करतो, दुपारपर्यंत गार राहतं. शिफ्टमधे तो संपवूनच घरी, नाहीतर बायको झाकण उघडून बघते. स्ट्रॉ घ्या ना, मास्कच्या खालून घालायची, मास्क काढायचं कामच नाही.

नांदेडची सिस्टर
स्ट्रॉ नको. मास्क बाजूनं उचलला जातो आणि ओला झाला की बदलावा लागतो. त्यापेक्षा उठा, मोकळ्या जागी जा, दोरीला धरून मास्क काढा, निवांत प्या.

लातूरचा मेडिकलवाला
काउंटरवर रोज खड्याची चिठ्ठी घेऊन माणूस उभा असतो, त्यामुळं बोलतो. खडा होणाऱ्यांनी किती पाणी प्यायलं त्यापेक्षा लघवी किती झाली हे बघायचं, दिवसाला अडीच लिटर व्हायला पाहिजे. एका रविवारी जुना लिटरचा मग घेऊन मोजा, एकदाच, म्हणजे अंदाज येतो. नाहीतर रंग बघा, कोऱ्या चहासारखा असला तर पाणी कमीच. मीठ कमी करा, पापड-लोणचं-ठेचा आपल्याकडं भाकरीपेक्षा जास्त असतो. दूध-दही बंद करू नका, खड्यात कॅल्शियम असतं म्हणून लोक दूध सोडतात, ते उलटं पडतं. लिंबू चालतं, उलट चांगलं. सगळं पाणी रात्री घरी आल्यावर एकदम ढोसू नका, ते तासाभरात निघून जातं आणि झोपेचं खोबरं. थंडी वाजून ताप, उलट्या किंवा लघवीतून रक्त, यातलं काही झालं तर धाग्यावर विचारत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना. आणि घरात कुणाला हार्टचा किंवा किडनीचा त्रास असला तर त्यांना हा तीन लिटरचा नियम लावू नका, त्यांचं पाणी डॉक्टर ठरवतात.

बाकी पाणी जपायची सवय आपल्या हाडातच आहे. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमच्या घरी अर्धा गिलास भरून द्यायचे, उरलेलं झाडाला. आई अजून पाहुण्याला अर्धाच गिलास देते.

धागाकर्ती
सगळ्यांना धन्यवाद, महिनाभरानं लिहायले त्याबद्दल सॉरी. मधे १४ एप्रिलपासून निर्बंध लागले, बँक चालूच पण गर्दी जरा कमी झाली.

सिस्टर, तुमचं वाचून मी आणि क्लार्क मॅडम दोघी मिळून मॅनेजर साहेबांकडं गेलो. पाण्याचं बोलायला लाज वाटली नाही, बाथरूमचं बोलताना दोघींची पण नजर खाली. साहेब पण गडबडले, म्हणाले हे आधी का नाही सांगितलं. आता एक किल्ली आम्हा दोघींकडं असते, साबण आत आहे, शिपाईमामा सकाळी बादली भरून ठेवतात. साडेअकरा आणि अडीचला काउंटरवर "५ मिनिटे" ची पाटी लावते आणि मागच्या जिन्यात जाऊन पिते. पहिल्या दिवशी ओळीतून आवाज आलाच, "आता काय चहाला चालल्या का". पाटी लावायचा चौथा दिवस होता, एक म्हातारे बाबा स्वतःची बाटली वर करून म्हणाले जा बाई, आमच्याकडं पण पाणी आहे.

लिटरच्या बाटलीला सकाळी तीन रबर लावते, नोटांच्या बंडलाचे. बाटली भरली की एक रबर काढून मनगटात. घरी येईस्तोवर दोन मनगटात असतात, तिसरा घरी रात्री नवाच्या आत. उन्हाळी थांबली आहे. खडा पडला का माहीत नाही, कळ परत आली नाही, सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात आहे.

एक गंमत म्हणजे रविवारी घरी असले की रबरही नाही आणि पाणीही नाही, दुपारी दोनला आठवतं. याचं काय करू? आणि वाळूजवाले, तुमचा तो कॅन झाकणातून गळत नाही ना? माझी बाटली मागच्या बुधवारी पर्समधे सांडली, पासबुकं वाळत घालावी लागली.